टेनर मॅडनेस: रॉलिन्स मोठा की कोल्ट्रेन?

सांजधून

जॅझ ऐकणारे चार जण जमले की हा प्रश्न निघतोच, आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत मिटवलाही जातो, कारण कोणीतरी म्हणतं, "दोघंही आपापल्या जागी थोर." मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. भीमसेन की कुमार, यावर आपण रात्री जागवल्या आहेत. त्या वादांतूनच आपले कान तयार झाले. मग सॅक्सोफोनवाल्यांना का सोडायचं?

म्हणून हा धागा. दोघंही टेनर वाजवणारे, म्हणजे जरा खालच्या, भरदार आवाजाचा सॅक्सोफोन. सुरुवात एका रेकॉर्डिंगपासून करतो, कारण हे दोघं एकत्र वाजवताना मुद्रित झालेले फक्त तिथेच सापडतात.

२४ मे १९५६. न्यू जर्सीतलं हॅकेनसॅक गाव, रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे त्याच्या आई-वडिलांच्या घरातली बैठकीची खोली. रेकॉर्ड सॉनी रॉलिन्सच्या नावावर. साथीला ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या पंचकातले रेड गार्लंड (पियानो), पॉल चेंबर्स (बास) आणि फिली जो जोन्स (ड्रम). त्याच पंचकातला जॉन कोल्ट्रेनही त्या दिवशी तिथे होता आणि एका चिजेपुरता वाजवायला उभा राहिला. रॉलिन्स २५ वर्षांचा, कोल्ट्रेन २९ चा. चीज साधीच, काळी पाचमधला ब्लूज. 'टेनर मॅडनेस', बारा मिनिटांच्या वर चालते.

आधी कोल्ट्रेन सुटतो. आवाज कडक, धारदार. एक वाक्य पुरतं संपायच्या आत दुसरं त्यात घुसतं. सगळं आत्ताच सांगून टाकायला हवं अशी घाई आहे, पण ती उतावळेपणाची वाटत नाही, शोधाची वाटते. मग रॉलिन्स. आवाज रुंद, मात्रेच्या किंचित मागे रेललेला. एक तुकडा टाकतो, थांबतो, त्या तुकड्याकडे बघतो असं वाटतं, आणि मग तोच जरा वाकवून परत आणतो. शेवटाकडे दोघांचे चार-चार बारचे (एक बार म्हणजे चार मात्रा) सवाल-जवाब आहेत. तिथे डोळे मिटून कोण कुठला ते ओळखायचा प्रयत्न करा.

माझं मत स्वच्छ आहे: मोठा रॉलिन्स. कारण एकच, बढत. आपल्याकडे ख्यालात दोन स्वरांची एखादी आकृती घेऊन गायक तिला फुलवत नेतो. अर्ध्या तासानंतरही मूळ बी हरवलेलं नसतं. जॅझच्या सोलोमध्ये, म्हणजे एकट्याने रचत नेलेल्या वादनात, हे इतक्या शुद्ध रूपात मी फक्त रॉलिन्सकडे ऐकलं. २२ जून १९५६ ला मुद्रित झालेल्या 'सॅक्सोफोन कोलॉसस'मधलं 'सेंट थॉमस' लावा. रॉलिन्सचे आई-वडील व्हर्जिन बेटांवरचे, आणि ही कॅलिप्सो, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या लोकसंगीताची, चाल त्याने लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली. सोलो सुरू होतो तो दोनच स्वरांच्या तुकड्याने. टॅ-डा. पुन्हा टॅ-डा. कधी मात्रेवर, कधी मात्रा चुकवून, कधी मधली जागा वाढवून. बराच वेळ तो दुसरं काही करतच नाही, आणि तरी ऐकणारा पुढे सरकत राहतो. त्याच रेकॉर्डवरच्या 'ब्लू सेव्हन'वर संगीतकार-समीक्षक गुंथर शूलरने १९५८ मध्ये लेख लिहून दाखवलं की अकरा मिनिटांचा हा ब्लूज मूळ धुनेतल्या काही स्वरांमधूनच बांधत नेलेला आहे. रॉलिन्सवर त्या लेखाचा उलटाच परिणाम झाला. आपण असं काही करतो याचीच त्याला जाणीव बोचू लागली, आणि पुढे स्वतःवरचं लेखन वाचायचं त्याने सोडलं.

धाग्यासाठी एक विनंती. जो कोणी नाव घेईल त्याने एक रेकॉर्डिंग सांगावं आणि त्यातली एक जागा दाखवावी. मैफलीत आपण ज्या जागेला दाद देतो ती. पुरस्कार, विक्री, याद्या यांनी काही सिद्ध होत नाही.

कंदील

अल्टोवाल्या (अल्टो म्हणजे टेनरपेक्षा लहान, उंच आवाजाचा सॅक्सोफोन) चार्ली पार्करचं नाव न घेता धागा सुरू झाला याचं वाईट वाटलं. सविस्तर लिहितो रात्री.

रानजाई

मला जॅझमधलं काहीच कळत नाही, पण लेख वाचून गाणं लावलं. सॅक्सोफोन मला माहीत तो 'है दुनिया उसी की'मधला. ते वाजवणारे मनोहारी सिंग, एवढं ठाऊक आहे. माझे वडील साताऱ्याकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे, त्यामुळे फुंकरीची वाद्यं घरात होती. प्रश्न असा: हे बारा मिनिटं वाजवतात ते पाठ केलेलं असतं का? आणि 'ब्लूज' म्हणजे नेमकं काय?

सांजधून

रानजाई, पाठ फक्त धून असते, सुरुवातीची आणि शेवटची. मधलं सगळं तिथल्या तिथे.

ब्लूज हा एक साचा समजा. बारा बारचं आवर्तन, दर बारात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. पहिले चार बार घरात, पाचव्या बाराला स्वरसंगती (कॉर्ड, एकत्र वाजणारे स्वर) बदलते, सातव्याला घरी परत, नवव्याला लांब जाऊन शेवटी पुन्हा घरी. मग तेच चक्र पुन्हा. समेवर येण्याची सवय असलेल्या कानाला हे चटकन सापडतं. बोटांवर बारा मोजत ऐका, दोन-तीन आवर्तनांत पाचव्या बाराचा बदल कळायला लागेल.

काळी_पाच

सांजधून, लेख उत्तम, पण निकाल मान्य नाही. बढत हाच निकष धरायचा, तर 'अ लव्ह सुप्रीम' विसरून कसं चालेल? ९ डिसेंबर १९६४. पहिल्या भागात जिमी गॅरिसन बासवर चार स्वरांचा तुकडा धरतो. कोल्ट्रेन सोलोच्या शेवटाकडे तोच तुकडा घेतो आणि एका पट्टीतून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असा बाराही पट्ट्यांत फिरवतो. खाली बास आपली पट्टी सोडत नाही. ही माझी पहिली जागा. चार स्वरांचं बी, बारा दिशा. आणि मग तो वाद्य खाली ठेवतो आणि तेच चार स्वर तोंडाने म्हणायला लागतो.

त्याच रेकॉर्डच्या चौथ्या भागात त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना आहे. ती आवरणावर छापलेली आहे. सॅक्सोफोन ती अक्षर-अक्षर धरून वाजवतो, एखाद्याने अभंग शब्द न उच्चारता म्हणावा तसा. छापील ओळींवर बोट ठेवून ऐकता येतं. मी ऐकलं आहे, आणि शेवटच्या ओळीला बोट हललं नाही.

आता 'जायंट स्टेप्स'बद्दल, कारण त्यावर नेहमी "नुसता गणिती व्यायाम" असा शेरा येतो. आपला षड्ज मैफलभर एकच असतो. तंबोरा तो धरून बसतो आणि आपण निश्चिंत असतो. 'जायंट स्टेप्स'मध्ये षड्ज तीन ठिकाणी हलतो: पांढरी सात, पांढरी पाच, काळी दोन. तिघांमधलं अंतर सारखं. आणि हलतो तो दर दोन-चार मात्रांनी. लय मिनिटाला २९० मात्रांच्या आसपास, म्हणजे दोन मात्रांना अर्धा सेकंदही मिळत नाही. तेवढ्यात नव्या षड्जावर पाय ठेवून अर्थपूर्ण वाक्य बोलायचं. १९५९ च्या मे महिन्यातल्या मुद्रणात पियानोवर टॉमी फ्लॅनगन आहे, तोच फ्लॅनगन जो 'सेंट थॉमस'मध्येही होता. थोर वादक. त्याचा सोलो ऐका. सुरुवात करतो, चाचपडतो, आणि शेवटी नुसत्या स्वरसंगती धरतो. मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो, कारण पुढे १९८२ मध्ये त्याने याच चिजेच्या नावाचा रेकॉर्ड केला आणि तीच चीज निर्वेध वाजवली.

पण कोल्ट्रेनचं मोठेपण मला गुंतागुंतीत दिसत नाही. पुढच्याच वर्षी त्याने 'माय फेव्हरिट थिंग्ज' घेतलं, सोप्रानोवर, म्हणजे आणखी उंच आवाजाच्या सॅक्सोफोनवर, आणि तिथे जवळजवळ सगळ्या स्वरसंगती काढून टाकून एका जागी ठाण मांडलं. तीन मात्रांचा झोका, खाली मॅककॉय टायनरचा तंबोऱ्यासारखा फिरणारा पियानो. १९६१ मध्ये 'इंडिया' नावाची चीज वाजवली, दोन बास एकच षड्ज धरून बसलेले. १९६५ मध्ये मुलगा झाला त्याचं नाव रवी ठेवलं, पंडित रविशंकरांवरून. अर्ध्या सेकंदाला षड्ज हलवणारा माणूस दोन वर्षांत एका षड्जावर स्थिरावतो. इतकं अंतर रॉलिन्सने कापलंय का?

दुसरी जागा: 'अलाबामा', नोव्हेंबर १९६३. त्या १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅममधल्या चर्चमध्ये गोऱ्या वंशवाद्यांनी बॉम्ब ठेवला आणि चार मुली मेल्या. सुरुवातीला पियानोची नुसती गडगड आहे आणि वर कोल्ट्रेन, लय नाही, ताल नाही. एका वाक्याच्या शेवटी आवाज जिथे सुटतो, तिथे मला दर वेळी श्वास थांबल्यासारखं होतं.

कोलवाकार

तुम्हा दोघांचं वाचलं. मी वाद्याच्या बाजूने लिहितो. चाळीस वर्षं टेनर वाजवतो, चर्चच्या पॅरिश शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, शिकलो, मग हॉटेलं, लग्नं, थोडं मुंबईत रेकॉर्डिंग. माझं मराठी जरा कोकणीच्या अंगाने जाईल.

मोठेपण बघायचं तर आधी आवाज. स्वर नंतर. सॅक्सोफोन १८४६ मध्ये बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने पेटंट केला. अंग पितळेचं, पण आवाज निघतो तो बोरूच्या कुळातल्या गवताच्या एका पातळ पट्टीतून, रीड म्हणतात ती. खालचा ओठ दातांवर दुमडून रीडला टेकवायचा आणि फुंकायचं. एकाच कंपनीचं वाद्य, एकच माउथपीस, एकाच नंबरचं रीड दोघांना द्या. दोन आवाज येणार. घसा, जीभ, गालाच्या आतली पोकळी, सगळं त्यात मिसळतं. आमच्या मेस्त्रीने, म्हणजे गुरुजींनी, पहिलं वर्षभर लांब स्वरांशिवाय काही वाजवू दिलं नाही. एक स्वर, कुजबुजीपासून सुरू, वाढवत नेऊन पुन्हा कुजबुजीवर. आजही सकाळी तेच करतो. पावसाळ्यात चाव्यांखालचे पॅड ओले होऊन चिकटतात, तेव्हा आधी सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली घालून ओल टिपतो आणि मग पहिला स्वर.

त्यामुळे माझ्यासाठी यादी कोलमन हॉकिन्सपासून सुरू होते. त्याच्या आधी हे वाद्य बहुतेक ठिकाणी गंमतीचं म्हणूनच वाजवलं जाई. हॉकिन्सने टेनरला छाती दिली. ११ ऑक्टोबर १९३९, 'बॉडी अँड सोल'. पाच वर्षं युरोपात काढून नुकताच न्यूयॉर्कला परतलेला. तीन मिनिटांचं मुद्रण, दोन आवर्तनं. मूळ चाल पहिल्या काही बारांत जेमतेम दाखवतो, पुढे सगळं स्वतःचं. जागा सांगायची तर दुसऱ्या आवर्तनाचा शेवट. आवाज वाढत वाढत चढतो, कंप रुंद होतो, आणि साथ गळून पडल्यावर तो एकटाच खाली उतरतो. ही रेकॉर्ड लोकप्रिय झाली, हे मला अजून आश्चर्याचं वाटतं, कारण गुणगुणायला तिच्यात चालच नाही.

आणि जॉनी हॉजेस. तो अल्टोवाला, म्हणून टेनरच्या भांडणात कोणी त्याचं नाव घेत नाही. ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्रात १९२८ पासून. मींड म्हणजे काय हे पाश्चात्य वाद्यावर ऐकायचं तर 'इस्फहान', १९६६ चं मुद्रण. सॅक्सोफोनला चाव्या असतात, सतारीसारखी तार ओढता येत नाही. मींड काढायची ती ओठाने आणि घशाने, बोटं सावकाश सोडत. हॉजेस वरच्या स्वरावरून खाली घसरतो तेव्हा मधली एकही पायरी ऐकू येत नाही. १९६३ मध्ये हा ऑर्केस्ट्रा भारतात येऊन गेला, मुंबईतही वाजला. आमच्या आधीच्या पिढीतले गोंयकार वादक ते कार्यक्रम ऐकून आले ते कित्येक दिवस हॉजेसचीच नक्कल करत होते, असं माझ्या मेस्त्रीकडून ऐकलं.

आपल्याकडचा ब्राझ गोन्साल्विसही विसरू नका. गोव्याचा माणूस, कोलकात्याच्या ब्लू फॉक्समध्ये लुई बँक्स आणि पॅम क्रेनबरोबर वाजवलं, पुढे रागांवर आधारलेलं जॅझ. जगाच्या यादीत त्याला कुठे बसवायचं हा माझा प्रश्न नाही, पण आमच्यातल्या किती जणांनी त्याच्यामुळे सोलो घ्यायचं धाडस केलं ते मी पाहिलं आहे.

चित्रलिपी

कोलवाकार, दंडवत. सिगारेटच्या कागदाचं वाचून वाद्य हातात घ्यावंसं वाटलं.

एक नोंद: आत्तापर्यंतची सगळी नावं पुरुषांची. चाळीसच्या दशकात इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम हा बायकांचा बँड होता, त्यात टेनरवर व्हाय बर्नसाइड. नंतर अल्टोवर व्हाय रेड, गायची आणि वाजवायची. आणि २०१३ ची थेलोनियस मंक स्पर्धा चिलीच्या मेलिसा अल्डानाने टेनरवर जिंकली. वाद्य वाजवून ती जिंकणारी पहिली बाई. तिच्यावर रॉलिन्सचा प्रभाव स्पष्ट ऐकू येतो, त्यामुळे सांजधूनना आवडेल.

कंदील

उशीर झाला, पण लिहितोच.

रॉलिन्स आणि कोल्ट्रेन दोघंही ज्या भाषेत भांडताहेत, ती भाषा पार्करची. मूळ व्याकरण करणारा आणि त्या व्याकरणात महाकाव्य लिहिणारा, यांत मोठा कोण, हा माझा प्रश्न. मला व्याकरण करणारा मोठा वाटतो, कारण त्याच्यासमोर नमुना नव्हता.

१९३६, कॅन्सस सिटीतला रेनो क्लब. सोळा वर्षांचा पार्कर जॅम सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या आयत्या वेळच्या मैफलीत, उभा राहिला आणि वाजवता वाजवता हरवला. ड्रमर जो जोन्सने (वरचा फिली जो वेगळा) झांज काढून त्याच्या पायाशी फेकली. सगळे हसले. पुढच्या उन्हाळ्यात पोरगा ओझार्क डोंगरातल्या एका हॉटेलात बँडबरोबर कामाला गेला, जाताना टेनरवाल्या लेस्टर यंगच्या रेकॉर्ड घेऊन. परत आला तेव्हा ते सोलो स्वरन् स्वर पाठ होते.

माझी जागा: 'को-को', २६ नोव्हेंबर १९४५. 'चेरोकी' या गाण्याच्या स्वरसंगतींवर, लय मिनिटाला तीनशेच्या घरात. या लयीत बाकीचे टिकून राहण्याच्या मागे असतात. पार्कर मात्र बोलतो. वाक्याला सुरुवात, स्वल्पविराम, आठवण, मधेच दुसऱ्या गाण्याची ओळ. रेकॉर्ड अर्ध्या वेगाने लावून बघा, प्रत्येक वाक्याचा तोल तसाच राहतो.

हे ऐकून कोणी म्हणेल की पार्कर म्हणजे वेग, म्हणून दुसरी जागा देतो: 'पार्कर्स मूड', १९४८, संथ ब्लूज. सुरुवातीला आलापासारखं एक वाक्य, हाकेसारखं. मग ब्लूज सुरू होतो आणि तो इतक्या कमी शब्दांत बोलतो की कोलवाकारांच्या लांब स्वरांचा अर्थ कळतो. वारला तेव्हा ३४ वर्षांचा होता. तपासणाऱ्या डॉक्टरने वय पन्नाशी ते साठीच्या मधलं लावलं. व्यसनाने शरीर तेवढं पोखरलं होतं.

काळी_पाच

कंदील, व्याकरणाचा मुद्दा मान्य. पण पार्करचं व्यसनही त्या पिढीने व्याकरणाइतकंच उचललं. रॉलिन्स १९५५ मध्ये त्यातून सुटला, कोल्ट्रेन १९५७ मध्ये, माइल्सने काढून टाकल्यावर. दोघंही सुटल्यानंतरच मोठे झाले. 'टेनर मॅडनेस'मध्ये एक सुटलेला आहे आणि एक अजून अडकलेला, हे ध्यानात घेऊन ऐकायला हवं. त्या दिवशीचा रॉलिन्स आणि त्या दिवशीचा कोल्ट्रेन ही तुलना बरोबरीची नाही. कोल्ट्रेनकडे त्यानंतर फक्त अकरा वर्षं होती. १७ जुलै १९६७ ला यकृताच्या कर्करोगाने गेला, चाळिशीत. आपण ज्याला कोल्ट्रेन म्हणतो तो जवळजवळ सगळा त्या अकरा वर्षांतला.

सांजधून

हे मी लक्षात घेतलं नव्हतं. मुद्दा रास्त आहे. 'टेनर मॅडनेस' हा पुरावा म्हणून मागे घेतो. रॉलिन्सबद्दलचं मत मागे घेत नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो. रॉलिन्सबद्दल पुलाच्या बाजूने थोडं.

१९५९ च्या उन्हाळ्यात रॉलिन्सने जाहीर वादन थांबवलं. नाव शिखरावर होतं, पण लोक म्हणतात तेवढा आपण चांगले नाही असं त्याला वाटत होतं. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, ग्रँड स्ट्रीटवर राहायचा. शेजारी गरोदर बाई होती, घरात वाजवून तिला त्रास द्यायचा नव्हता. म्हणून विल्यम्सबर्ग पुलावर जायला लागला. दोन वर्षं, कधी कधी दिवसाला पंधरा-सोळा तास. १९६१ च्या अखेरीस परतला आणि १९६२ मध्ये 'द ब्रिज' आला.

मी त्या पुलावर मुद्दाम गेलो. पायवाट वर आहे, बाजूला गंजट गुलाबी कठडे, आणि शेजारून मेट्रो जाते. गाडी आली की बोललेलं ऐकू येत नाही. खाली ईस्ट रिव्हर, बोटींचे भोंगे. मी अर्धा तास उभा होतो आणि एवढंच जाणवलं की इथे ऐकू जाईल असा आवाज काढायचा तर छातीतून काढावा लागेल. 'द ब्रिज'मधला त्याचा स्वर आणि त्याआधीचा स्वर शेजारी ठेवून ऐका.

दुसऱ्यांदा थांबला तो साठच्या दशकाच्या शेवटी. त्या वेळी मुंबईत आला होता, पवईच्या आश्रमात, स्वामी चिन्मयानंदांकडे. काही महिने राहिला. बसून ध्यान जमत नाही ही त्याची अडचण. वाजवणं हेच तुझं ध्यान आहे, अशा अर्थाचं उत्तर तिथे मिळाल्याचं त्याने पुढे सांगितलंय. १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रा महोत्सवाला पुन्हा मुंबईत येऊन वाजवून गेला. काळी_पाच, तुम्ही विचारलं होतं की इतकं अंतर रॉलिन्सने कापलं का. कापलं, पण शैली बदलून नाही. पुन्हा पुन्हा थांबून, तीच शैली तळापासून तपासून.

काळी_पाच

पवईचं माहीत नव्हतं. उत्तर मिळालं. धन्यवाद.

सांजधून

दोन दिवस हे सगळं पुन्हा ऐकलं. कंदीलनी ओझार्कच्या ओघात लेस्टर यंगचं नाव घेतलं आणि पुढे कोणी थांबलं नाही. मला थांबावंसं वाटलं.

१९३४ मध्ये हॉकिन्स युरोपला गेला तेव्हा फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये त्याच्या खुर्चीवर लेस्टरला बोलावलं. बँडवाल्यांची तक्रार सुरू झाली: याचा आवाज हॉकिन्ससारखा नाही. हेंडरसनची बायको सकाळी त्याला हॉकिन्सच्या रेकॉर्ड लावून ऐकवायची, असं वाजव म्हणून. लेस्टरने काही महिन्यांत ती नोकरी सोडली आणि आपला हलका, जवळजवळ बिनकंपाचा आवाज तसाच ठेवला. कोलवाकारांनी आवाजाबद्दल लिहिलंय ते वाचल्यावर मला या गोष्टीची किंमत कळली. त्या काळात टेनर म्हणजे हॉकिन्स. दुसरा आवाज चुकीचाच धरला जाई. पुढे पार्करने पाठ केला तो हा चुकीचा आवाज.

जागा: ८ डिसेंबर १९५७, सीबीएस दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम, बिली हॉलिडे गातेय 'फाइन अँड मेलो'. स्टुडिओत हॉकिन्स आहे, बेन वेबस्टर आहे, लेस्टर आहे, जेरी मलिगन आहे. सैन्यातल्या तुरुंगवासानंतर आणि दारूने लेस्टर खंगलेला. आधी वेबस्टर वाजवतो, भरदार, श्वासाने भिजलेला. मग लेस्टर उठतो. एकच आवर्तन, बारा बार. मोजून थोडे स्वर. वेग नाही, उंच स्वर नाही, एकही दागिना नाही. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो, ती मान हलवतेय, ओठांवर हसू. एकमेकांना 'लेडी डे' आणि 'प्रेझ' ही नावं देणारे हे दोघं. तो १५ मार्च १९५९ ला गेला, ती त्याच वर्षी १७ जुलैला.

हे चाळीस सेकंद 'ब्लू सेव्हन'च्या अकरा मिनिटांशेजारी ठेवले आणि मला बढतीचा निकष अपुरा वाटायला लागला. बढत व्हायला वेळ लागतो. लेस्टरकडे त्या दिवशी वेळ नव्हता, दमही नव्हता, आणि तरी तिथे काही कमी नाही. रॉलिन्सचं काय करायचं? सर्वांत मोठा बढत करणारा तोच, हे लिहून देतो. सर्वांत मोठा सॅक्सोफोनवाला, हे आता तितक्या छातीठोकपणे लिहवत नाही.

कोलवाकार

सांजधूनबाब, त्या लेस्टरच्या आवर्तनात एक गोष्ट वाजवणाऱ्यालाच कळते. खंगलेल्या माणसाला मंद आवाज काढणं जास्त कठीण जातं. जोरात फुंकणं सोपं. मंद स्वर थरथरू न देता धरायला पोट लागतं. त्याचा एकही स्वर थरथरत नाही.

कंदील

मी पार्करलाच चिकटून. पण हे आवर्तन आज तीनदा ऐकलं.

रानजाई

तुम्ही सगळे लिहीत होता तोवर मी ऐकत होते. काल रात्री भांडी आवरल्यावर 'टेनर मॅडनेस' पुन्हा लावलं, स्वयंपाकघरातच, फोन पातेल्याला टेकवून म्हणजे आवाज जरा भरतो. बाबा ओट्याशी खुर्ची घेऊन बसले. ते आता वाजवत नाहीत, दात गेल्यापासून क्लॅरनेट माळ्यावर आहे. मी सांगितलं, बारा मोजायचे, पाचव्याला बदल. म्हणाले, मोजायचं काय त्यात, कळतंय की.

शेवटचे सवाल-जवाब आले. मला अजून दोघांतला फरक ओळखू येत नव्हता. बाबांनी डोळे मिटले होते आणि उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर ठेवली होती. एक वाजवायला लागला की पहिलं बोट उचलायचे, दुसरा लागला की दुसरं. मी बोटांकडे बघत ऐकलं. चौथ्या-पाचव्या वेळेला बोट उठायच्या आधी मला कळलं. कडक आणि रुंद, तुम्ही लिहिलं होतं तसंच.

माझी जागा तीच. बाबांना विचारलं, मोठा कोण. म्हणाले, पहिल्या बोटाचा पुन्हा लाव. पहिलं बोट कोल्ट्रेनचं होतं.